रस्त्याला नवखी

ज्या माणसाशी मी चार दिवस खोटं बोलले, ते खोटं लिहायला पेनही त्यानेच दिलं होतं.

रस्ते खात्याच्या कचेरीत, खिडकीपाशी, मी अर्ज भरत उभी होते. माझं पेन ऐनवेळी रुसलं. झटकलं, तोंडाजवळ धरून फुंकर घातली, तळहातावर गिरगटून पाहिलं… तेवढ्यात मागून एक हात पुढे आला. हातात निळं पेन, मनगटावर ग्रीसचा डाग.

"घ्या. टोपण मात्र माझ्याकडे राहू द्या. टोपणासकट दिलेलं पेन आजवर परत आलेलं नाही."

मी वळून पाहिलं. तिशीच्या आसपासचा, डोळे हसरे, शर्टाला कडक इस्त्री. तो खिडकीकडे वळला तेव्हा कळलं की इस्त्री फक्त पुढून होती, पाठ तशीच चुरगळलेली. घाईतला माणूस, पण लबाड नव्हे, असं माझं मत झालं. लबाड तिथे मी होते. त्याच्या पेनाने मी सातव्या प्रश्नासमोर लिहिलं, 'नाही. या रस्त्याने मी कधीही प्रवास केलेला नाही.'

हे खोटं किती मोठं होतं ते सांगते. रस्ता म्हणजे शंभरी ओलांडलेला जुना महामार्ग, समुद्रापासून निघून अख्खं राज्य ओलांडून पलीकडच्या सीमेला भिडणारा. त्यावरच्या हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्यांपैकी कुठल्या ठेवायच्या आणि कुठल्या काढायच्या, हे खात्याला ठरवायचं होतं. पाटी जुनी असली तरी चालेल, पण धावत्या गाडीतून शंभर मीटरवरून वाचता आली पाहिजे. त्यासाठी त्यांना चार दिवसांपुरता एक वाचक हवा होता. नजर चांगली, आणि रस्त्याला नवखा.

आणि त्यातल्या अडतीस पाट्या माझ्या वडिलांनी रंगवलेल्या होत्या. आप्पा खात्याच्या वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं तेच काम करत होते. रविवारी मला ट्रकमध्ये बसवून न्यायचे, मी शिडी धरायची. 'सावकाश' हा मी आयुष्यात वाचलेला पहिला शब्द. बाराखडी नंतर आली.

मी प्रेसमध्ये मुद्रितं तपासते. लोकांच्या चुका शोधण्याचा पगार घेते. चार दिवसांची रजा टाकली, आणि सोमवारी सकाळी खात्याच्या पांढऱ्या जीपपाशी जाऊन उभी राहिले. आत तोच, अर्ध्या इस्त्रीचा. मोजणीचा इंजिनिअर तोच निघाला.

"या, वाचकबाई," तो म्हणाला.

काम सोपं होतं. गाडी ताशी चाळीसवर. पाटी वाचता आली की मी 'दिसली' म्हणून मजकूर मोठ्याने वाचायचा, की तो बटण दाबणार. गाडी पाटीपाशी पोचली की पुन्हा बटण. मधलं अंतर यंत्र सांगणार. मी भोळेपणाने विचारलं की नवखाच माणूस कशाला हवा. त्याने रस्त्यावरची नजर न काढता उत्तर दिलं.

"ओळखीचा माणूस वाचत नाही. आठवतो."

मी खिडकीबाहेर पाहायला लागले.

पहिल्या दिवशी मी फार सांभाळून खोटं बोलले. आप्पांची पाटी लांबून ओळखू आली की, संशय नको म्हणून मनात पाच आकडे मोजायची, मग 'दिसली'. एकशे चाळीस, एकशे साठ… सगळ्या पास. मधल्या वेळात तो बोलायचा. मावशीने वाढवलं, मावशी एकदाही शहराबाहेर गेलेली नाही पण सगळ्यांना रस्ता सांगते, असं बरंच काही. मीही बोलले. प्रेसमधल्या चुका सांगितल्या. एका लग्नपत्रिकेत वराच्या जागी वधूच्या काकांचं नाव छापलं गेलं आणि काका दोन दिवस खुशीत होते, हे ऐकून तो इतका हसला की एक पाटी बटण न दाबताच मागे गेली. मागे फिरून पुन्हा यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जरा सैलावले होते. मोठं वळण आलं, वळणावर झाड, आणि झाडाच्या पलीकडे… मी म्हणाले, "दिसली. पुढे शाळा, वाहने सावकाश चालवा."

बटण वाजलं. गाडी वळणातून बाहेर आली.

दोन खांब उभे होते. मधे आभाळ होतं. पाटी वादळात कधीच पडून खाली गवतात पालथी झाली होती.

तो सरळ समोर बघत होता. खांबांपाशी त्याने दुसऱ्यांदा बटण दाबलं, वहीत आकडा लिहिला, आणि पुढे चहा बरा मिळतो का हो, असं मलाच विचारलं. मला कसं माहीत असणार, मी नवखी, असं मी म्हणाले. त्याचं लक्ष नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. माणसाला पटवून घ्यायचं असलं की पुरावा फार लागत नाही.

तिसऱ्या दिवशी पाऊस आला. पावसात मोजणी करत नाहीत. एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या छपराखाली गाडी लावून आम्ही बसून राहिलो. पत्र्यावर थेंबांचा ताशा, काचेवर आमच्याच श्वासाची वाफ. त्याने बोटाने काचेवर एक रेघ ओढली.

"माणूस किती मीटरवरून वाचता येतो, वाचकबाई?"

"काही माणसं नाकासमोर आली तरी येत नाहीत."

"आणि मी?"

"तुमचं अक्षर बरं आहे…" मी म्हणाले, "पण अधल्यामधल्या ओळी सोडता."

"कुठली सोडली?"

मी उत्तर दिलं नाही. तो हसला नाही. पाऊस थांबला होता, हे आमच्या दोघांच्याही बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

त्या दिवशीचा मुक्काम नेमका माझ्याच गावी होता. नातेवाईक आहेत, असं सांगून मी स्टँडवर उतरले आणि घरी गेले. आप्पा चष्म्याच्या मोडक्या काडीला दोरा गुंडाळत बसले होते. मी सगळं सांगून टाकलं, जरा ऐटीतच. बत्तीस पाट्या झाल्या, बत्तीसच्या बत्तीस पास.

आप्पांनी दोऱ्याला गाठ मारली. "पुलाच्या आधीची किती मीटरला वाचलीस?"

"एकशे सत्तर."

"खोटं. ती नवी होती तेव्हाच जेमतेम शंभराला दिसायची. मला जागा पुरली नव्हती, अक्षरं दाबून बसवली." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून पाहिला. मग आवाज न चढवता म्हणाले, "पूल अरुंद आहे, हे पुलावर गेल्यावर कळून काय करायचं? कुणाचं तरी पोर मागच्या सीटवर झोपलेलं असतं, पोरी. पाटी त्याच्यासाठी लिहितात. माझ्यासाठी नाही."

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "बापाचं नाव राखायला निघाली, आणि बापालाच विचारलं नाही."

मला रडू आलं, पण त्या घरात रडणाऱ्याला आधी जेवायला बसवतात.

चौथ्या दिवशी शेवटचा टप्पा. जुना महामार्ग जिथे नव्या द्रुतगती मार्गाला भेटतो, तिथे चार पाकळ्यांचा भलामोठा चौक आहे. वर पूल, खाली पूल, आणि चार बाजूंना चार गोल वळणं. डोक्यावर हिरव्यागार नव्या पाट्या, एकेक पाटी आमच्या घराच्या भिंतीएवढी. आम्हाला सरळ जायचं होतं.

"मला काही सांगायचं आहे," मी म्हणाले. "गाडी थांबवता?"

"इथे थांबायला मनाई आहे," तो म्हणाला. त्याने डावीकडची पाकळी धरली. "बोला. मी फिरवत राहतो."

मी बोलत राहिले, आणि गाडी फिरत राहिली. पहिल्या पाकळीत आप्पा झाले, दुसरीत अर्जातला सातवा प्रश्न, तिसरीत पूल आणि मागच्या सीटवरचं पोर. चौथी पाकळी संपली तेव्हा आम्ही जिथून निघालो तिथेच पोचलो होतो, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने पुन्हा पहिली पाकळी धरली.

"मला दुसऱ्या दिवशीच कळलं," तो म्हणाला. "ते दोन खांब."

"मग बटण का दाबलंत?"

"नसतं दाबलं, तर तिथूनच गाडी परत न्यावी लागली असती." त्याने गिअर बदलला. "आणि अजून दोन दिवस बाकी होते. ती माझी चूक. कचेरीतल्या आमच्या वरिष्ठ, मोठ्या बाईंना तुमचंही सांगेन, माझंही."

डोक्यावरून एक हिरवी पाटी गेली. बाण तीन दिशांना.

"पाट्यांचं खोटं होतं, ते कळलं," तो म्हणाला. "बाकीचं? माझ्या विनोदांवर हसणं, तो पाऊस… तेही पाट्यांसाठीच होतं का?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण त्या क्षणी मी काहीही म्हटलं असतं, तरी ते बोलणारी कोण? चार दिवस त्याच्या शेजारी बसून सराईतपणे थापा मारणारी बाई. आप्पांच्या पाट्या अजून त्याच्याच हातात होत्या. मी 'नाही' म्हणाले असते, तर तेही त्या अडतीस पाट्यांच्या भावात गेलं असतं. मी डोक्यावरून जाणाऱ्या पाट्या मनातल्या मनात वाचत राहिले.

त्याने तीन पाकळ्या वाट पाहिली. मग योग्य फाटा धरून बाहेर पडला, मला बसथांब्यावर सोडलं, आणि जपून जा म्हणाला.

पाच आठवडे काहीच नाही. प्रेसमध्ये मी इतक्या चुका सोडल्या की मालकांनी डोळे तपासून घ्यायला सांगितलं. मग गावी एक पाकीट आलं, आप्पांच्या नावाने, आणि निरोप मिळताच मी घरी गेले. मोजणी नव्याने झाली होती. सोबत त्याच्या हातची चिठ्ठी होती. इंजिनिअरला समज मिळाली आहे, वाचक म्हणून या वेळी मावशीला नेलं, मोठ्या बाईंची रीतसर परवानगी काढून, आणि मावशीने पाट्यांबरोबर वाटेतल्या सगळ्या जाहिरातीही मोठ्याने वाचल्या. निकाल असा, की अडतीसपैकी अकरा पाट्या राहतील. बाकीच्या उतरवून डेपोत ठेवल्या आहेत.

आप्पांनी दोरा बांधलेला चष्मा लावून यादी दोनदा वाचली. पुलाची पाटी नापास होती.

"अकरा?" ते म्हणाले. "मला नऊच वाटल्या होत्या." आणि दिवसभर खुशीत होते.

संध्याकाळी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "पाट्यांचा निकाल लागला. तुझं काय?" मी सकाळची बस पकडली.

डेपोच्या आवारात ट्रक उभा होता. उतरवलेल्या पाट्या फरशीवर रांगेने आडव्या ठेवल्या होत्या, आणि तो खडूने त्यांच्या पाठीवर आकडे टाकत वाकला होता. शर्टाची पाठ नेहमीसारखी. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्याने मान वर केली.

"आता माझ्या शब्दावर एकही पाटी अडलेली नाही," मी म्हणाले. "म्हणून आज आले. त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत. पाट्यांसाठी नव्हतं. हसले ते हसू आलं म्हणून हसले. पावसात गप्प बसले ते… ते तर सगळ्यात खरं होतं. मला तुम्ही आवडता. आता काय ते तुम्ही ठरवा."

त्याने खडू खिशात टाकला. खिसा पांढरा झाला.

"पाच आठवडे," तो म्हणाला. "मला वाटलं, नाही म्हणायला जीव होत नाही म्हणून येत नसशील."

"निकालाआधी येऊन उपयोग नव्हता."

"हं." तो पाट्यांच्या रांगेकडे बघत राहिला. मग कानाची पाळी लाल होत होत म्हणाला, "मावशीने सगळा रस्ता एकच विचारलं. तू सारखा त्या मागच्या वाचकबाईचं का सांगतोस म्हणून. मी तिला सांगितलं, पुढच्या वेळी ती आली तर तिलाच विचार." त्याने हात झटकले. "या सगळ्या भिंतीला लावायच्या आहेत. एक टोक धरशील?"

मी धरलं. आप्पांच्या पाट्या फार जड आहेत, तेव्हाचा पत्राच तसा होता. त्याने पलीकडून उचललं, मी अलीकडून, आणि आम्ही पहिली भिंतीला टेकवली. मग दुसरी. तिसऱ्या पाटीला तो वळसा घालून माझ्याच टोकाला येऊन उभा राहिला. वजन उचलायच्या दृष्टीने हे अगदीच चूक होतं. पाटी जागची हलली नाही. आम्हालाही कुठे जायचं नव्हतं.