गुळाचा कडू खडा

गोव्यातल्या साखळीच्या बसस्टँडवर माझ्या पिशवीत डोकावून एक अनोळखी तरुण म्हणाला, "फुललेला किरायता कित्याक घेतल्यात? कडूपण उतारता ना ह्याचा."

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणारी, आणि हा मला शिकवणार? पण खरं होतं... या औषधी झुडपाच्या पानातला अँड्रोग्राफोलाइड नावाचा कडू घटक फुलं आली की कमी होऊ लागतो, आणि मला तोच मोजायचा होता. वास्कोहून बस बदलत येऊन मी नेमकी चुकीची झुडपं उपटली होती.

"आमच्या घरामागच्या परड्यात उशिरा पेरलेला आसा, कारापूरला," तो म्हणाला. "माझी आवस दितली." निहार त्याचं नाव. खाणीवरच्या ट्रकांचा मेस्त्री. हसताना त्याची नजर खाली जायची.

मग दर रविवारी मी कारापूरला पानं न्यायला जाऊ लागले. "फूल इला की माझा काम संपला," असं मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो नुसता 'हूं' म्हणाला.

त्याची आई, विमलाकाकी, दर खेपेला काढा पुढे करायच्या. "घे गो सेजल. तापाक बरो, पित्ताक बरो."

"काकी, त्याच्यार अजून अभ्यास चालू आसा. पुरो पुरावो नाय."

"मगे पी, आणि तूच दी पुरावो."

मी नाक मुरडत पेला रिकामा करायचे, आणि निहार गुळाचा खडा माझ्या तळहातावर ठेवायचा. त्याची बोटं निसटती लागायची... खोटं कशाला सांगू, त्यासाठी मी आणखी एक पेला प्यायले असते.

ऑक्टोबर संपला. अख्ख्या कारापुरातला उशिरा पेरलेला किरायताही फुलला, काकींचा मात्र नाही. माझ्या मार्गदर्शक मॅडम हरखल्या. उशिरा फुलणारा नवा वाण असावा म्हणाल्या. मी अर्धा अहवाल लिहूनही काढला.

पुढच्या रविवारी काढा पिऊन मी गूळ तोंडात टाकला — तो कडू लागला. काढ्याहून कडू.

मी निहारचा हातच धरला. त्याची नखं ग्रीसनं काळी असायची. आज ती कडेनं हिरवी होती.

"निहार... कळे तू खुडतस?"

"रोज सकाळी," तो खाली बघत म्हणाला. "कामाक जाण्याआधी. आज उशीर झालो, हात धुवूचे रवले."

"कधीपासून?"

"महिनो झालो. तू म्हणलंस, फूल इला की काम संपला..."

माझी महिन्याची मेहनत पाण्यात गेली होती. मला राग आला, खूप आला. आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की आवाज चढवताही येईना.

"मॅडमांका मी नवो वाण गावलो म्हणान सांगलंय," मी म्हटलं. "आता पुढच्या पावसात परत पेरून सगळा मोजूक व्हया."

"म्हणजे पुढच्या वर्सा पण येतलंस?"

"उद्यापासून एकव कळो खुडूचो नाय. फुलांदे त्यांका. फुला इली तरी मी येतलंय... पिशवी नसताना."

आतून काकींची हाक आली. "निहार, हात धू, आणि तिका दुसरो खडो दी."

तो उठायला गेला. मी हात सोडला नाही.