मांजरीनं पिल्लं का हलवली?

मळीच्या टाक्या सांभाळणारा मुकादम अक्काच्या खोलीत आला, तेव्हा त्याचा मुलगा जाऊन सहा दिवस झाले होते. बसा म्हटलं तरी तो बसला नाही.

ऊस पिळून जो भुसा उरतो, त्याला साखर कारखान्यात बगॅस म्हणतात; बॉयलरचं इंधन म्हणून तो साठवतात. त्याच्या तीन मजली ढिगाला भरदुपारी आग लागली. मुकादमाचा मुलगा लोडर चालवायचा. ढीग फोडायला तो वर चढला आणि लोडरसकट आत गेला. वॉचमनच्या केबिनपाशी विडीचं थोटूक सापडलं, म्हणून पोलिसांनी वॉचमनला धरलं होतं.

"उद्या त्याच्यावर गुन्हा लागतोय," मुकादम म्हणाला. "तो सुटता कामा नये. पक्का पुरावा पाहिजे मला."

"जे निघेल ते सांगेन," अक्का म्हणाली. "तुम्हाला पाहिजे तेच निघेल असं नाही. चालेल?"

"चालेल."

दाजी म्हणजे अक्काच्या थोरल्या बहिणीचे यजमान, निवृत्त पोस्टमास्तर. बायको गेल्यापासून ते वही घेऊन मेहुणीच्या तपासात सोबत असत, आणि सगळे म्हणतात म्हणून तेही तिला अक्काच म्हणत. त्यांच्या मते प्रकरण सरळ होतं. थोटूक सापडलं, ढीग जळला. आग असल्याशिवाय धूर निघत नाही, हे त्यांनी वाटेत दोनदा सांगितलं.

वॉचमन पोलिस चौकीच्या बाकावर बसला होता. विडी ओढली हे त्यानं लगेच कबूल केलं, पण केबिनच्या पायरीवर, ढिगापासून दोनशे पावलांवर. मुकादमाचा पोरगा लहानपणापासून त्याच्या डब्यातलं खायचा, हेही त्यानं सांगितलं.

"आगीच्या आधी ढिगात काही वेगळं दिसलं?" अक्कानं विचारलं.

"तसं काही नाही. मांजरीनं पिल्लं हलवली, एवढंच. थंडीत उबेसाठी ती ढिगाच्या मागच्या कोपऱ्यात व्याली होती. आगीच्या दोन दिवस आधी एकेक पिल्लू तोंडात धरून केबिनमध्ये आणलं तिनं. त्याच कोपऱ्यात मुंग्यांची रांगही लागायची. भुशात त्यांना काय मिळतं, देव जाणे."

मांजराची साक्ष कोर्टात चालत नाही, म्हणून दाजींनी हे काही लिहून घेतलं नाही.

लोडरवरचा मदतनीस दवाखान्यात होता, दोन्ही हातांना पट्ट्या. ज्वाळ कुणालाच दिसली नव्हती, नुसता पांढरा धूर, तोही पुढच्या बाजूनं. सगळे पुढून पाणी मारायला धावले. "मुकादमाच्या पोरानं मात्र लोडर थेट मागच्या कोपऱ्याकडे वळवला. मी ओरडलो, तिकडं कुठं? ऐकलंच नाही. वरचा थर शाबूत दिसत होता. लोडर चढला आणि खालची जमीनच गेली."

मग ती दोघं कारखान्याच्या खतावर गेली. तिथं कारखान्याचा गाळ आणि डिस्टिलरीचं सांडपाणी एकत्र मुरवून खत करतात. खत सांभाळणारा बोलका होता. मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक, त्यापासूनच इथेनॉल होतं. ती सांडली की वर बगॅस टाकायचा, टिपून घ्यायची आणि त्याच दिवशी त्याच्याकडे पाठवायची, ही इथली रीत. तिसऱ्या दिवशी तो सगळं पलटी करी. नाही केलं तर ते आतून इतकं तापतं की हात घालवत नाही, असं तो म्हणाला.

"यंदा असा बगॅस किती वेळा आला?"

"एकदाही नाही."

मळीच्या टाक्यांपाशी दाजींची फजिती झाली. पावलागणिक चप्पल चिकटे, एक तर मागेच राहिली आणि त्यांना चार पावलं लंगडी घालावी लागली. दोन नंबरच्या टाकीमागे पोचल्यावर त्यांना हायसं वाटलं. "इथं बरी स्वच्छता आहे हो," ते म्हणाले. अक्कानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ते काही शहाणपणाचं बोलले होते. असं क्वचितच घडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम आला. याही वेळी उभाच राहिला.

"विडीनं लागलेली आग बाहेरून आत जाते," अक्का म्हणाली. "हा ढीग आतून जळला. वरचा थर शाबूत आणि पोटात पोकळी. मांजर उबेची जागा केव्हा सोडते? ऊब चटके द्यायला लागली की. म्हणजे तो कोपरा दोन दिवस आधीच तापला होता. धूर वाट मिळेल तिकडून निघाला, पण आग तिथं होती. आणि मुंग्या भुशाला लागत नाहीत, गोडाला लागतात."

मग ती मळीच्या टाक्यांच्या विषयावर आली.

"तुमच्या आवारात दाजींची चप्पल सगळीकडे चिकटली, फक्त दोन नंबरच्या टाकीमागे नाही. तेवढीच जागा घासून धुतलेली. तिथं मळी सांडली होती. ती टिपलेला बगॅस खतावर गेला नाही. किती दिवस झाले होते?"

"आगीच्या आधी दहा." मुकादम म्हणाला. "पंप बंद करायला विसरलो. गेल्या वर्षीही एकदा झालं होतं. निवृत्तीला दोन महिने राहिलेत. खतावर पाठवलं की नोंद होते. म्हटलं झाकली मूठ राहू दे, ढिगात टाकू, बॉयलरला जाऊन जळेल. पण बॉयलरवाले पुढून उचलतात. मागचा कोपरा तसाच राहिला. तापेल हे ठाऊक होतं, पेटेल असं वाटलं नाही."

"ढिगात नेऊन टाकला कुणी?"

मुकादम पहिल्यांदाच खुर्चीत बसला.

"लोडर त्याच्याचकडे होता," तो म्हणाला. "म्हणून तो मागच्या कोपऱ्याकडे गेला. त्याला ठाऊक होतं कुठं पुरलंय. माझी चूक उकरून काढायला गेला माझा पोरगा."

दाजींना फार वाईट वाटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण त्यांना आठवली होती, पण ती तोंडातून काढवेना. त्यांनी वहीतला कोरा कागद फाडून मुकादमापुढे ठेवला.

"लिहून देतो," मुकादम म्हणाला. "फक्त त्याचं नाव त्यात नको."

"नाव लिहावं लागेल," अक्का म्हणाली. "त्यानं बापाचं ऐकलं, एवढंच लिहा."

चौकीत वॉचमन त्याच बाकावर होता. मुकादमाला पाहून तो उठला, मग एका कडेला सरकून त्यानं जागा केली.

"काही खाल्लंस का?" त्यानं विचारलं.

मुकादमानं मान हलवली, नाही म्हणून, आणि हातातला कागद त्याच्यापुढे धरला.