स्वयंपाकघरातला सॅक्सोफोन

चार वाजले आणि ल्यूशस टार्व्हर वाजवू लागला. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

आधी श्वास घेतल्याचा आवाज, मग टेनर सॅक्सोफोन, इतका वेगवान की सूर मोजता येऊ नयेत. टेबलावर त्याच्याच सॅक्सोफोनची कुलूपबंद पेटी होती. अशा अजब प्रकारांचा छडा लावायला बोलावलेल्या होसिया ब्लँचर्डने पेटीवर तळहात ठेवला. आत काहीच थरथरत नव्हतं. त्याचा सोबती क्लेमेंट भिंतीला चिकटून उभा होता.

दोन मिनिटांत आवाज थांबला.

"रोज हेच," ल्यूशसची विधवा व्हर्नेल म्हणाली. "फक्त या स्वयंपाकघरात. मागे ट्रामची घंटासुद्धा वाजते. घंटेचं मी तुम्हालाच सांगतेय. दिराला सांगितलं तर तो मला वेड्यांच्या इस्पितळात घालेल."

"डेट्रॉइटमधली ट्राम बंद होऊन चार वर्षं झाली," क्लेमेंट पुटपुटला. "होसिया, चल इथून."

होसिया ओणवा होऊन जमिनीतली जाळी बघत होता. तळघरातल्या भट्टीची ऊब तिच्यातून वर येई.

दीर अ‍ॅमस मोटारीच्या कारखान्यातून थेट आला, तो दुसऱ्या दिवशी.

"वहिनीने हे घर सोडावं, आमच्याकडे राहावं, एवढंच म्हणतो मी," तो म्हणाला. "संगीताच्या मासिकात महिन्यापूर्वी लेख आला, त्याने डोकं फिरवलंय तिचं. बेबॉप जॅझची ही वेगवान धाटणी म्हणे त्या नामवंत रेमंड क्विनने शोधली. ल्यूशसचं नावसुद्धा नाही."

चार वाजले. श्वास, मग सूर. अ‍ॅमसचा चेहरा राखेसारखा झाला. त्याच्या हातातली टोपी खाली पडली.

खालच्या मजल्यावर एलरॉय सॅचेल राहायचा. एके काळी ल्यूशसच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा, नंतर क्विनकडे गेला.

"मला काही ऐकू येत नाही बाबा," तो म्हणाला. "ड्रमनी कान खाल्ले. बिचारी व्हर्नेल. नुसता सॅक्सोफोन असता तर एक वेळ ठीक, पण ती ट्रामची घंटा! कोणीही घाबरेल."

होसियाने मान डोलावली. "वर याल का जरा? सगळ्यांशी बोलायचंय."

स्वयंपाकघरात सगळे बसले.

"मेलेल्या माणसाला श्वास घ्यावा लागत नाही," होसिया म्हणाला. "म्हणजे तो श्वास जिवंतपणीचा. ट्राम चालू होती तेव्हाचा. ही तबकडी आहे. अ‍ॅमस, ती वाजत होती तेव्हा तुम्ही आमच्यासमोर होतात. आवाज फक्त इथे येतो, कारण भट्टीच्या गरम हवेचा नळ खालच्या घरातून या जाळीपर्यंत येतो. आणि घंटेचं बाईंनी फक्त आम्हाला सांगितलं होतं. एलरॉय, तुम्हाला कसं कळलं?"

एलरॉय उठला, खाली गेला. पळाला, असं क्लेमेंटला वाटलं. पण तो ग्रामोफोन आणि कागदात गुंडाळलेली तबकडी घेऊन परत आला.

"सन त्रेचाळीस. माझ्याच खोलीत रेकॉर्ड केली," तो व्हर्नेलला म्हणाला. "फुटली म्हणून सांगितलं होतं तुला."

या वेळी त्याने सुई शेवटपर्यंत जाऊ दिली. सूर संपले. तबकडीच्या खरखरीतून एक कोवळा आवाज आला: "ल्यूशस, परत एकदा. सावकाश वाजव ना, मला बोटं बघू दे."

"क्विन," अ‍ॅमस हळूच म्हणाला.

"मी त्याच्या बँडमध्ये होतो," एलरॉय म्हणाला. "बोललो असतो तर जागा गेली असती. मासिक वाचल्यापासून झोप लागेना. वर येऊन सांगायचं धाडस होईना. निदान तुझ्या कानावर पडावं म्हणून..."

"मला वेड लागलंय असं वाटत होतं, एलरॉय," व्हर्नेल म्हणाली. "महिनाभर."

त्याने मान खाली घातली. तिने क्षमा केली नाही. उठून भिंतीवरच्या फोनवर मासिकाच्या कचेरीचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

"तुझ्या तोंडून सांग."

एलरॉयने घसा खाकरला. तारीख सांगितली, खोलीचा पत्ता सांगितला, क्विनचा आवाज सांगितला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाही, तसं नाही," तो म्हणाला. "लिहून घ्या. टार्व्हर." आणि एकेक अक्षर सावकाश सांगू लागला.