पाच-नऊ

खोलीत रेडिओसंच दोन, खुर्च्या चार, माणसं तीन. चौथी खुर्ची केतकीची. केतकी यानात बसून पृथ्वीभोवती फिरत होती आणि तिला खाली येता येत नव्हतं.

जळून गेलेल्या हजारो उपग्रहांची धातूची धूळ वातावरणाच्या वरच्या भागात साचून तिचा 'झाकणथर' झाला होता. खालून गेलेली रेडिओलहर त्याला आपटून आरशातल्या उजेडासारखी परत फिरे. त्यामुळे कऱ्हाडहून चिलीशी बोलणं सोपं झालं होतं. डोक्यावरून जाणाऱ्या यानाशी मात्र अशक्य. आणि उतरण्याचा आदेश यानाला जमिनीवरूनच द्यावा लागे.

"थराला कुठे भोक असेल, तर लहर तिथून वर यानापर्यंत निसटेल," थराचा अभ्यास करणारी डॉ. ओवी सबनीस म्हणाली. "त्या दिशेचे आवाज क्षीण येतील. आज जास्तीत जास्त संपर्क साधायच्या स्पर्धेमुळे सगळं जग रेडिओवर आहे. एवढी मोजणी पुन्हा मिळायची नाही."

कऱ्हाडच्या हौशी रेडिओ क्लबनं मिळून स्पर्धेत उतरायची ही पहिलीच वेळ. माइकवर रफीकभाई, नोंदी टिपायला केतकीची आई, कमलताई.

दुपारपर्यंत चारशे बारा संपर्क झाले. समोरच्या प्रत्येकाचा शेरा एकच: पाच-नऊ. म्हणजे स्पष्टपणा पाचपैकी पाच, जोर नऊपैकी नऊ.

"म्हणजे भोक नाहीच?" कमलताईंनी पेन खाली ठेवलं.

"अहो ताई, स्पर्धेत सगळे डोळे मिटून पाच-नऊच देतात!" रफीकभाई हसले. "खरा जोर बघत बसलं तर पुढचा गडी निसटतो. मी तरी काय केलं? तेच!"

कमलताईंना एकदम हायसं वाटलं. सगळे खोटं बोलले होते. देवच पावला.

ओवी मात्र कपाळाला हात लावून बसली. मग म्हणाली, "ज्याला रीतभात माहीत नाही, त्यालाच विचारू. रफीकभाई, मोर्सचं नुसतं एक टिंब सोडा. ते पृथ्वीला वळसा घालून आपल्याकडेच येईल. वाटेत भोक लागलं, तर मरगळून येईल."

"आणि स्पर्धा?"

"गेली खड्ड्यात," रफीकभाईंकडे न बघता कमलताई म्हणाल्या. अँटेना फिरवायच्या बटणाची पेटी त्यांनी स्वतःकडे ओढली.

टिंब गेलं. जोर दाखवणाऱ्या काट्याकडे बघत त्या पुटपुटत होत्या, "येऊ नको. बाई गं, येऊ नको."

अँटेना थोडी वळवली. पुन्हा टिंब. पुन्हा वळवली.

दिशा अठरा; उरली एकही नाही. प्रत्येक दिशेला प्रतिध्वनी ०.१३८ सेकंदांनी. जोर: नऊ.