शेवटच्या खोलीतले हिरवे डोळे

"गेलं! परत नेट गेलं!" ताई रडकुंडीला आली. "चार वाजता माझी मुलाखत आहे. आता शिष्यवृत्तीवर पाणीच सोडायचं!"

टिकलीला बहिणीकडे बघवेना. सुट्टीत ती ताईच्या वसतिगृहावर आली होती. इथली रेक्टर म्हणजे त्यांची सख्खी मावशी, आणि लंबू हा मावशीचा मुलगा.

टेबलावर एक छोटा डबा होता. भिंतीतली एकुलती एक वायर त्यात शिरायची आणि तिथून वेगवेगळ्या वायरींनी सगळ्या मैत्रिणींच्या लॅपटॉपना नेट मिळायचं. मैत्रिणी घरी गेल्या होत्या, तरी डब्यावरचे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते.

"एवढी वर्दळ कुणाची?" टिकली पुटपुटली.

"शेवटच्या खोलीतल्या भुताची!" लंबू कुजबुजला. "कालपासून तिथे उजेड हलतोय. आणि दाराला कुलूप!"

बोळात चिटपाखरू नव्हतं. त्यांच्याच पावलांचा आवाज मागून आल्यासारखा वाटत होता.  तरी लंबूच्या खांद्यावर चढून टिकलीने झरोक्यातून डोकावलं. आत काळोख, आणि काळोखात थरथरणारे हिरवे ठिपके!

"डोळे! हिरवे! खूप आहेत रे!"

"मोज!"

"तूच मोज!"

पळून जावंसं वाटत होतं, पण ताईचा चेहरा आठवला. तिने पुन्हा पाहिलं. अरे, हा तर ताईच्या खोलीतल्यासारखाच डबा!

दोघं धावत मावशीकडे गेली.

"भुताखेतांच्या गप्पा नकोत!" मावशी कडाडली. "कालच ती खोली मी स्वतः लख्ख आवरलीय. किल्ली मिळणार नाही."

टिकली साळसूदपणे म्हणाली, "हो का? मग झरोक्यात एवढी जळमटं कशी?"

"जळमटं? माझ्या वसतिगृहात?" मावशी जुडगा घेऊन तरातरा निघालीसुद्धा!

दार करकरलं. हिरवे दिवे भिंतीवर थयथयाट करत होते. मावशीनेही टिकलीचा हात घट्ट धरला. टिकलीने धीर करून डब्यातून निघालेली एक वायर चाचपली. तिची दोन्ही टोकं त्याच डब्यात होती!

"मावशी, हे कुणी खोचलं?"

"मीच. टोक गबाळ्यासारखं लोंबत होतं. भोक रिकामं दिसलं, दिलं बसवून!"

"अगं, मजल्यावरचे सगळे डबे एकमेकांना जोडलेत, म्हणून नेटवरचं सगळं यातच गरगर फिरतंय आणि अख्ख्या मजल्याची वाट अडलीय!"

टिकलीने टोक उपसलं. दिवे शांत झाले. बोळाच्या पार त्या टोकाहून ताई ओरडली, "आलं! नेट आलं!"

मुलाखत संपवून ताई धावतच आली. "मिळाली! तिथल्या तिथे हो म्हणाले!"

मावशीने दोघांना जवळ ओढलं. "शाब्बास रे! भूत मीच बसवलं आणि तुम्ही उतरवलंत."

कुलूप लावायला दार ओढता ओढता तिची नजर आतल्या लोंबत्या वायरीवर गेली. हात आपोआप पुढे झाला.

"मावशी!"

"आई!"

मावशीने हात पटकन पाठीमागे लपवला. "बरं बाई, लोंबू दे मेलीला!"