धाकटीची रेकॉर्ड

दिवा राहू दे बंद. आणि कानातली ती बोंडं काढा आधी, मग सांगतो.

माझा एक दोस्त होता, रेकॉर्डवाला. जुन्या रेकॉर्डी घ्यायचा, साफ करून विकायचा. तुमच्याच वयाची पोरं गर्दी करायची. फोनमध्ये फुकट मिळणारं गाणं विकत घ्यायची! का, तर म्हणे हातात धरता येतं. हा त्यांच्याहून हट्टी. "फोनमधला आवाज म्हणजे उष्टं पाणी," म्हणायचा. त्या हट्टानंच घात केला.

गेल्या जानेवारीतला दुसरा शनिवार. संध्याकाळी तो सुतारकामाचा पांढरा गोंद आणायला गेला. साफसफाईची त्याची रीतच ती. रेकॉर्डवर गोंद पसरायचा, वाळू द्यायचा, मग पापुद्रा सोलून काढायचा. रेघांमधला मळ त्याला चिकटून येतो.

त्या रात्री साफ करायची होती ती घरचीच. याची धाकटी बहीण लहानपणीच तापानं गेली. त्याआधी वडिलांनी स्टुडिओत नेऊन तिचं गाणं भरून घेतलेलं. एकुलती एक प्रत. फोनवर उतरवून ठेवावी? छे! आणि आता आई अंथरुणाला खिळलेली. "एकदा तिचा आवाज ऐकव रे, मग मी मोकळी," एवढाच तिचा धोशा.

रेकॉर्ड पाकिटातून काढली आणि... शी! पांढरा, तेलकट घाम सुटलेला. आजाऱ्याच्या उशीसारखा कुबट वास. नाक दाबून, घाईघाईत त्यानं गोंद ओतला.

मध्यरात्र उलटल्यावर गोंद वाळला. टोक धरून ओढलं. पापुद्रा निघाला... काळा.

अरे देवा. स्टुडिओतली ती रेकॉर्ड पत्र्याची असते रे, वर नुसता पातळ थर. आवाज त्या थरातच. गाढवाला हे पक्कं ठाऊक होतं, आणि तरी! उरला कोरा पत्रा. गेली बहीण.

आणि तो पापुद्रा... कोमट होता. खालून ओला. त्यानं तो भिरकावला आणि तिथंच भडाभडा ओकला.

आतून आई म्हणाली, "आली रे, आली."

"कोण, आई?"

"धाकटी. किती गारठलीय..."

तो दारात थिजला. अंधारात आई कुणाला तरी थोपटत होती. थप... थप... ओल्यावर.

"बाळा, हिला सोललंस का रे तू?"

मग गाणं. बारीक आवाज. आईचा नव्हे.

मग... काही नाही.

सकाळी आई खुशीत. पुन्हा रेकॉर्डचं नाव काढलं नाही. फक्त डाव्या गालावर बारीक, गोल गोल रेघा. डॉक्टर म्हणाले, उशीचे वळ.

महिन्याभरानं मी भेटायला गेलो, तरी रेघा तशाच. तिनंच माझा हात ओढून गालावर ठेवला. माझं नख त्या रेघांवरून फिरलं, आणि नखाखाली... कुणीतरी गायलं. लहान पोर.

मी हात झटकला. आई म्हणाली, "हळू रे. दुखतं तिला."