वर्गातला समुद्र ओसरतो कुठे?

“आमचा समुद्र रोज रात्री चोरीला जातो,” बालवाडीची संचालिका म्हणाली, आणि मग खुर्चीवर बसली.

भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला. वहिनींनी ठेवला नाही. खासगी तपासाच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर त्या कुठल्याही वाक्यानं दचकत नसत. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचे मदतनीस. दचकण्याचं काम दोघांच्या वतीनं तेच करत.

“समुद्र म्हणजे?” वहिनींनी विचारलं.

“मोठा, पसरट टब. निळा रंग घातलेलं पाणी, तळाशी वाळू, शिंपले, प्लॅस्टिकचे मासे. मुलं सध्या समुद्र शिकताहेत. संध्याकाळी टब काठोकाठ असतो, सकाळी निम्मा. वर्गाला कुलूप, फरशी कोरडी ठणठणीत. खाली चष्म्यांचं दुकान आहे आणि जागाही त्या दुकानदारांचीच. ते म्हणतात, टब गळतो, पाणी माझ्या छतात मुरतंय. आज ते हमाल आणून टब उचलणार आहेत.”

“नवा घ्या की,” भाऊजी म्हणाले.

“पाणी जातं कुठे ते सांगता आलं नाही, तर ते वर पाणीच ठेवू देणार नाहीत. पाण्याचा खेळ माझ्या आईनं सुरू केला. बालवाडी तिचीच. ती या उन्हाळ्यात गेली. पाणी काढलं तर बालवाडी राहील, पण ती आईची राहणार नाही.”

वहिनींनी चहा संपवला आणि चपला घातल्या.

मुलं यायच्या आधीच तिघं वर्गात पोचली. भिंतीवर मुलांनी रंगवलेले देवमासे होते. एकाला चष्माही होता. टब खिडकीशी लाकडी घडवंचीवर ठेवला होता. त्याला लागूनच, पण त्याहून बरंच खाली, मुलांच्या उंचीचं बुटकं बेसिन. पाणी खरोखरच निम्मं झालं होतं.

“रोज इतकंच उतरतं?” वहिनींनी विचारलं.

“रोज. ही निळी रेघ बघा टबाला. इथवर येतं आणि थांबतं.”

“शहाणा चोर आहे,” भाऊजी म्हणाले. “माशांपुरतं ठेवतो.”

टब आणि बेसिन यांच्यामधल्या काठावर एक ऑक्टोपस फतकल मारून बसला होता. डोक्याला बटणांचे डोळे, काही हात समुद्रात, काही बेसिनमध्ये लोंबलेले. भाऊजी त्याला उचलायला गेले.

“नको!” संचालिका जवळजवळ ओरडलीच. “मुलांनी मांडलेलं मोठ्यांनी मोडायचं नाही. आईचा नियम आहे. ऑक्टोपसही तिनंच केलाय. चार लांब टॉवेल मध्ये बांधले आणि वर डोकं शिवलं. तिचं शेवटचं काम.”

“मी मोडत नाही,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी बेसिनमधल्या एका हाताचं टोक फक्त चिमटीत धरलं आणि मग बोटं रुमालाला पुसली.

पहिल्या आल्या त्या साफसफाईच्या मावशी. पाठीवर हात ठेवूनच आल्या.

“माझ्यावरच संशय ना? रोज बादल्या वाहून हा समुद्र भरते कोण? मीच. रात्री उपसून सकाळी परत भरायला मला काय वेड लागलंय?”

“बेसिन कधी घासता?”

“मुलं गेली की. लख्ख करून कुलूप लावते. सकाळी बघावं तर तळाला परत निळं! पण गळतीबिळती काही नाही हो. मागच्या रविवारी सुट्टी, म्हणून शनिवारी संध्याकाळीच मुलांना विचारून मी पडदे, उशांचे अभ्रे, हा ऑक्टोपस, सगळं घरी नेऊन धुतलं. टब भरलेलाच होता. सोमवारी थेंब कमी नव्हता.”

मग ताई आली. तीन-चार वर्षांच्या पोरांना दिवसभर शिकवणारी, तरीही ताजीतवानी.

“खरं सांगू? मला कागदाचा समुद्र चालला असता,” ती म्हणाली. “ओले कपडे बदलून हात भरून येतात. पण मुलांना पाणीच लागतं. सुरुवातीलाच मी सांगितलं, ऑक्टोपस पाण्याबाहेर जगत नाही, तर दोघं-तिघं रडायलाच लागली. तेव्हापासून घरी जाताना रोज तीच त्याला झोपवतात.”

चष्मेवाले दोन हमालांना घेऊनच वर आले.

“तुमच्याकडे वर्गाची किल्ली आहे?” वहिनींनी विचारलं.

“जागा माझी, किल्ली असणारच. पण रात्री येऊन पोरांचं पाणी उपसण्याइतका मी रिकामटेकडा दिसतो का?”

“रविवारी कुठे होतात?”

“दुकान बंद. सासुरवाडीला.”

भाऊजींनी वहिनींना कोपर मारलं. “हे नव्हते आणि पाणीही गेलं नाही! मिळाला.”

“भाऊजी, रविवारी हे नव्हते, बरोबर. आणखी कोण नव्हतं?”

“ताई. मुलं.”

“आणि?”

भाऊजी डोकं खाजवत राहिले. बाहेर मुलांचा गलका ऐकू यायला लागला.

“ऑक्टोपस नव्हता,” वहिनी म्हणाल्या. “तो मावशींकडे वाळत होता.”

सगळ्यांच्या माना काठावरच्या ऑक्टोपसकडे वळल्या.

“टब फुटका असता तर रविवारीही गळला असता, आणि रोज एका रेघेवर थांबला नसता. उपसणाऱ्या माणसानं फरशीवर चार थेंब तरी सांडले असते. मग पाणी गेलं कुठे? घासलेलं बेसिन सकाळी निळं होतं, म्हणजे तिथूनच ते मोरीला गेलं. आता हे हात बघा. आईंनी चार सलग टॉवेल बांधलेत. म्हणजे ज्या टॉवेलचं एक टोक समुद्रात, त्याचंच दुसरं खाली बेसिनमध्ये. टॉवेल पाणी शोषतो, काठावरून पलीकडे नेतो आणि खालच्या टोकानं थेंब थेंब सोडतो. रात्रभर. आतली टोकं जिथवर पोचतात तिथवर पाणी उतरलं, की काम बंद. तीच तुमची रेघ.”

चष्मेवाल्यांनी वाकून बेसिनमधलं एक टोक हातात धरलं. तळव्यावर निळा थेंब पडला.

“म्हणजे रोज सकाळी हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं?” ते म्हणाले.

“होतं. पण मुलांनी मांडलेलं इथे कुणी हलवत नाही. आणि मुलांनी ते का मांडलं? त्यांना सांगितलं होतं की तो पाण्याबाहेर जगत नाही. म्हणून रोज काठावर झोपवताना त्याचे पुढचे हात पाण्यात ठेवायचे; मागचे आपोआप बेसिनमध्ये लोंबायचे. रात्री कोरडा पडू नये म्हणून.”

संचालिकेनं ऑक्टोपसकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. ताईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“माझ्या छताला काही नाही, एवढं कळलं,” चष्मेवाले जरा खाकरून म्हणाले. “टब राहू दे. पण रात्री तो प्राणी उचलून खुंटीला टांगा. विषय संपला.”

“नाही,” संचालिका म्हणाली. आवाज शांत होता. “मुलांना विचारल्याशिवाय नाही.”

मुलं आत आली. संचालिका त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं: तुम्ही त्याला जपलंत ते छान केलंत, पण त्याच्या हातांवरून समुद्र वाहून जातो. आता काय करायचं?

बराच विचार झाला. एकानं नाकात बोट घालून केला.

“त्याला अख्खाच आत झोपवू,” दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली.

“तो भिजेल ना!” शेजारचा म्हणाला.

“अरे, ऑक्टोपस आहे तो!”

हमाल आधी हसले, मग चष्मेवाले. तोवर मुलांनी आठही हात गोळा करून त्याला अलगद पाण्यात सोडलं होतं. वेण्यांची मुलगी चष्मेवाल्यांसमोर प्लॅस्टिकचा मग घेऊन उभी राहिली.

“काका, बाह्या वर करा. समुद्र भरायचाय.”

त्यांनी निमूटपणे बाह्या दुमडल्या. मग संचालिकेकडे वळून विचारलं, “एवढ्याशा पोरांना हे असं कुणी शिकवलं हो?”

“माझ्या आईनं,” ती म्हणाली. मान ताठ ठेवून तिनं बादली लावली आणि नळ पूर्ण सोडला.